सात कोरियन पोरं खानदेशात पोचली कशी?

धुळेकर_मास्तर (धागाकर्ता)

मंडळी, धुळे तालुक्यातल्या एका गावात मराठी शिकवतो. पोरांच्या वह्यांचं मागचं पान हा माझा जुना अभ्यासविषय. पूर्वी तिथं फुली-गोळा, बदाम, एखाद्या हिरोचं नाव असं असायचं. आता गोल, काड्या आणि चौकटी जोडून काढलेली अक्षरं दिसतात. एकीला विचारलं, तर म्हणाली, "सर, हंगुल आहे. कोरियन लिपी." मराठीत ऱ्हस्व-दीर्घाची बोंब असलेली पोरगी परक्या लिपीत सात नावं बिनचूक लिहिते!

तर विषय बीटीएस, म्हणजे कोरियातल्या सात पोरांचा नाच-गाण्याचा ग्रुप. माझं मत आधीच सांगून टाकतो. हा कारखान्याचा माल आहे. कंपनी पोरं निवडते, वर्षानुवर्षं नाच-गाणं घटवून घेते, केसांचा रंगसुद्धा तीच ठरवते. बॅण्ड म्हणावं तर एकाच्याही हातात वाद्य नाही. पण मग असा माल तर ढिगानं निघतो. यांचाच एवढा का खपला? आणि आमच्या एसटीच्या शेवटच्या थांब्यापर्यंत कसा आला? जाणकारांनी लिहावं. टिंगल चालेल, पण माहितीसकट.

केळीवाला_शिरपूर

मास्तर, मनी पोर बी त्यामानीच शे. भितवर साती जणस्ना फोटो. मी म्हनं, बठ्ठा सारखाच दिखतस. तर जेवन वाढाले बी उनी नही.

भुसावळ_जंक्शन

गाडी कोणतीही असो, भुसावळला थांबतेच. कोरियाची पण थांबली. त्यात नवल ते काय.

जांभळी_नंदुरबार

सर, नमस्कार. मी कॉलेजला आहे आणि हो, मी आर्मी आहे (म्हणजे फॅन, फौजेत नाही). टिंगल चालेल म्हणालात म्हणून लिहायचं धाडस करते.

कारखाना म्हणताय ते अर्धं बरोबर आहे. कोरियात ट्रेनी पद्धत आहेच. पण मोठे कारखाने तीन होते: एसएम, वायजी आणि जेवायपी. बीटीएसची बिग हिट ही २००५ ला निघालेली छोटी कंपनी, बांग शी-ह्योक या संगीतकाराची. १३ जून २०१३ ला ग्रुप आला तेव्हा त्यांना टीव्हीवर फारसं कोणी विचारत नव्हतं. तिथल्या टीव्हीवरच्या संगीत स्पर्धेत पहिला नंबर मिळाला तो थेट मे २०१५ मध्ये. सात जण एकाच घरात दाटीवाटीनं राहायचे.

टीव्ही मिळत नाही म्हणून ते इंटरनेटवर गेले. गाणं येण्याच्याही आधीपासून, डिसेंबर २०१२ पासून, ते ट्विटरवर एकाच अकाउंटवरून लिहीत होते. यूट्यूबवर सरावाचे, जेवणाचे, एकमेकांना छळायचे छोटे व्हिडिओ. मोठ्या कंपन्यांचे स्टार तेव्हा असे सहज दिसायचे नाहीत. म्हणून नंदुरबारात मोबाईलवर बघणारीलासुद्धा वाटतं की आपण यांना ओळखतो.

आणि केळीवाले काका, तुमच्या मुलीचं बरोबर आहे. आपल्याला कोणी 'सगळे इंडियन सारखेच' म्हटलं तर चालेल का?

केळीवाला_शिरपूर

नही चालाव, बेटा. पोरले सांगस.

जुना_कॅसेटवाला

मास्तर, धुळ्यात माझं कॅसेटचं दुकान होतं, म्हणून थोडा इतिहास सांगायचा हक्क बजावतो.

पोरींची पागल गर्दी आणि तिच्यावर नाक मुरडणारे मास्तर, ही जोडी जुनीच. इंग्लंडचा बीटल्स हा ग्रुप, ते ९ फेब्रुवारी १९६४ ला अमेरिकेच्या टीव्हीवर आले तेव्हा सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी बघितलं. आज त्यांच्यावर विद्यापीठांत अभ्यास होतो, तेव्हा पेपरवाले केसांची थट्टा करत होते. कारखाना म्हणाल तर त्यांचंही थोडं तसंच. त्यांचा मॅनेजर एपस्टाइन लिव्हरपूलचा रेकॉर्डवाला, म्हणजे आमच्याच धंद्यातला माणूस. त्यानं चामड्याची जाकिटं उतरवून सूट चढवले. त्याआधी १९६२ मध्ये डेक्का कंपनीनं त्यांना चक्क नापास केलं होतं.

खरा कारखाना बघायचा तर पोर्तो रिकोचा मेनुदो. १९७७ चा ग्रुप. पोरगा सोळाचा झाला, आवाज फुटला, मिशी आली की बाहेर, आणि त्याच्या जागी नवा. नाव तेच, पोरं बदलती. गायक रिकी मार्टिन त्यातूनच निघाला.

मग आमच्या दुकानाच्या सोन्याच्या दिवसातला अमेरिकेचा ग्रुप, बॅकस्ट्रीट बॉईज. केबल आलं आणि कॉलेजची पोरं इंग्रजी कॅसेट मागायला लागली. त्यांना जमवणारा लू पर्लमन स्वतःला ग्रुपचा सहावा सदस्य म्हणवून वाटा घ्यायचा. पोरांनी १९९८ ला कोर्टात खेचला. पुढं कळलं की त्याचा मूळ धंदा लोकांचे पैसे बुडवायचा. २००८ ला पंचवीस वर्षांची शिक्षा झाली, तुरुंगातच मेला.

आपल्याकडेही झालं होतं बरं का. ए बॅण्ड ऑफ बॉईज आणि चॅनल व्ही-च्या शोमधून २००२ मध्ये निघालेला व्हिवा हा मुलींचा ग्रुप. विकलं, पण थोडेच दिवस. कारण साधं आहे. आपल्याकडे गाणं म्हटलं की सिनेमा. गाणारा पडद्याच्या मागे आणि वेडं व्हायचं ते पडद्यावरच्या हिरोसाठी.

अमळनेरची_नानी

कॅसेटवाले भाऊ, हिरोसाठी वेडं व्हायचं म्हणजे कसं, ते आम्हाला विचारा. राजेश खन्नाच्या वेळी मुली रक्तानं पत्रं लिहीत, त्याच्या फोटोशी लग्न लावत, असं तेव्हा सगळीकडे बोललं जायचं. मी रक्त वगैरे काही काढलं नाही, पण त्याचा फोटो बरेच दिवस ओव्यांच्या वहीत होता. आईला वाटे, वही रोज उघडते म्हणजे मुलगी फार धार्मिक आहे.

आता नात बीटीएसमधल्या त्या जिमिनचे फोटो कव्हरमध्ये घालून ठेवते. मला काही वावगं वाटत नाही. एक मात्र बघते. राजेश खन्नाला माझं नाव कधी कळणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. नातीला वाटतं तो लाइव्ह येतो तेव्हा तिची कमेंट वाचेल. ती वाट बघत बसते.

डेटा_भाऊ (पुणे, मूळ पारोळा)

नानींनी नेमकं बोट ठेवलं. जवळीक विकणं हाच तो धंदा. जांभळीताई ज्याला 'आपण यांना ओळखतो' म्हणतात, त्याच भावनेवर अल्बम खपतात.

कोरियन अल्बम म्हणजे नुसती सीडी नसते. पुस्तक, पोस्टर आणि आत एक फोटोकार्ड, तेही कुणाचं निघेल ते नशीब. सात जण म्हटल्यावर हवा तो निघेपर्यंत पुन्हा घ्या. सीडी प्लेयर घरात नसलेली पोरगी एकच सीडी परत परत विकत घेते, हे मला तरी संगीतप्रेम वाटत नाही. बिग हिट ऑक्टोबर २०२० मध्ये शेअर बाजारात उतरली. त्याआधी बांग यांनी सातही जणांना प्रत्येकी ६८,३८५ शेअर दिले. कलाकार भागधारक झाले. पुढच्या वर्षी कंपनीचं नाव हाइब झालं, आता ती स्वतःच महाकाय आहे. 'छोट्या कंपनीची गरीब पोरं' ही गोष्टसुद्धा आता विकाऊ मालच आहे.

मास्तरांना माझं +१. कारखानाच.

जळगावची_आई

डेटा भाऊ, फोटोकार्डाचा विषय काढलात म्हणून मन मोकळं करते. कोरियाहून एकटीनं मागवलं तर पाठवणावळ आणि ड्युटी मिळून अल्बमपेक्षा जास्त जाते. म्हणून या मुली 'ग्रुप ऑर्डर' करतात. कुठल्या तरी शहरातली एकजण सगळ्यांचे पैसे गोळा करते, एकदम मागवते आणि मग वाटते. माझ्या मुलीनं दिवाळीचे ओवाळणीचे पैसे तसे पाठवले. ती ताई पैसे घेऊन ग्रुप सोडून गेली. मुलगी आठवडाभर रडली, आणि मला कळलं ते तिच्या मैत्रिणीकडून.

रागावले नाही. पण तिचे वडील म्हणाले, "एवढं डोकं नीटच्या अभ्यासात लाव." घरात रोज तेच चालू आहे.

जांभळी_नंदुरबार

काकू, वाईट वाटलं. मुलीला सांगा, ऑर्डर घेणारीचे जुने पुरावे, म्हणजे आधी ज्यांना माल मिळाला त्यांचे मेसेज, बघितल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत. आणि ज्यांना खरंच माल मिळालाय अशा कोणाशी तरी थेट बोलायचं. आमच्यात फसवणारींच्या याद्या फिरतात, त्यात त्या ताईचं नाव टाकायला लावा.

नीटवरून एक सांगायचंय. यांची २०१३-१४ ची पहिली गाणी कशावर होती माहितीये? शाळेवर. तुझं स्वप्न काय आहे, की आईबापांनी सांगितलं तेच तुझं स्वप्न, असं विचारणारी. कोरियात प्रवेश परीक्षेचं भूत आपल्यापेक्षा काही कमी नाही. मी ती गाणी ऐकली तेव्हा लातूरला हॉस्टेलवर होते, रिपीटर बॅचला. हिंदी सिनेमात तेव्हा माझ्याबद्दल कोणी गात नव्हतं. तिथले ब्रेकअप पण लंडनमध्ये होतात.

डेटा दादा, कंपनी पैसे कमावते हे आम्हाला कळतं हो. आम्ही काही दूधखुळ्या नाही.

सातपुड्याची_सावली

मी फॅन नाही, पण माहिती काढली आहे. मास्तरांचा 'यांचाच का' हा प्रश्न राहूनच जातोय म्हणून लिहिते.

कंपनीनं ग्रुप जमवला हे खरं, पण अमेरिकेत वर चढवला तो फॅन्सनी. २०१४ ला ही मुलं लॉस एंजेलिसला गेली तेव्हा रस्त्यावर पत्रकं वाटून एका छोट्या क्लबात फुकट कार्यक्रम केला. जागा दोनशेच्या आसपास. मे २०१९ मध्ये त्याच शहराजवळच्या रोझ बोल स्टेडियममध्ये दोन रात्री तिकिटं संपलेली. मधल्या पाच वर्षांत काय झालं? गाणी कोरियन, त्यामुळे रेडिओवाले लावेनात. तर फॅन्सनी राज्यवार गट पाडले आणि आपापल्या राज्यातल्या स्टेशनांच्या मागे लागल्या: फोन, पत्रं, फुलं. दुसऱ्या गटांनी प्रत्येक व्हिडिओचं भाषांतर फुकट करून टाकलं. मे २०१७ ला बिलबोर्ड या अमेरिकेतल्या संगीताच्या मासिकाचं सोशल मीडियाचं बक्षीस यांना मिळालं, जे त्याआधी सलग सहा वर्षं गायक जस्टिन बीबरकडे होतं. ते बक्षीस मतांवर आणि ऑनलाइन हालचालीवर ठरायचं. मे २०१८ ला अल्बम अमेरिकेतल्या खपाच्या यादीत पहिला. ऑगस्ट २०२० ला 'डायनामाइट' हे त्यांचं पहिलं संपूर्ण इंग्रजी गाणं आलं आणि ते थेट पहिल्या क्रमांकावर उतरलं.

मला यात पंधरा-वीस वर्षांच्या मुलींचं संघटन दिसतं. कुणाला पगार नाही, कार्यालय नाही, आणि तरी भाषांतर, प्रचार, निधी सगळं वेळेवर. जून २०२० मध्ये ग्रुपनं वर्णभेदविरोधी चळवळीला दहा लाख डॉलर दिले. फॅन्सनी साधारण एका दिवसात तेवढेच जमवले. आपल्याकडच्या किती पक्षांचे कार्यकर्ते असं करतील?

भुसावळ_जंक्शन

पक्षांचे कार्यकर्ते पण करतील, फक्त मटणाची सोय पाहिजे.

डेटा_भाऊ (पुणे, मूळ पारोळा)

सावलीताई, फुकट राबणाऱ्या लाखो मुली आणि नफा कंपनीचा, याला तुम्ही संघटन म्हणता, मी बिनपगारी मार्केटिंग म्हणतो. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे मान्य.

जांभळी_नंदुरबार

दादा, गणपती मंडळात तुम्ही वर्गणीसाठी दारोदार फिरलात तेव्हा पगार घेतला होता का?

आणि काम काय असतं तेही ऐका. नवं गाणं बहुतेक वेळा कोरियात दुपारी एकला येतं, म्हणजे आपल्याकडे साडेनऊला. नेमकी शाळा-कॉलेजची वेळ. आमच्या ग्रुपवर आधीच वाटणी झालेली असते, कोण कधी बघणार. व्हिडिओ लूपवर लावायचा नाही, आवाज बंद ठेवायचा नाही, मध्ये दुसरं गाणं घालायचं, नाहीतर व्ह्यू धरले जाणार नाहीत असं सांगतात. इथं कॉलेजजवळ रेंज नीट नसते, म्हणून मी वाय-फायसाठी मावशीच्या घरी जायचे. मावशीला वाटायचं भाची फार माया लावते.

अमळनेरची_नानी

हे बघा, पिढी बदलली तरी थापा त्याच.

बँडवाला_चोपडा

मी लग्नातल्या बँडमधे ट्रंपेट वाजवतो. वडिलांपासूनचा धंदा. मास्तरांनी लिहिलं की हातात वाद्य नाही तर बॅण्ड कसला, म्हणून बोलतो.

मास्तर, आमच्या हातात वाद्य आहे आणि आम्हाला कोणी फोटो मागत नाही :) असो. भाच्यानं मला त्यांच्या सरावाचा व्हिडिओ दाखवला. साधे कपडे, आरसा, सात जण. मी गाणं ऐकलं नाही, पाय बघितले. एकाचाही पाय मागेपुढे नाही. नाचता नाचता गायचं म्हणजे श्वास कुठे घ्यायचा हे आधी ठरवावं लागतं. आम्ही वरातीत चालत वाजवतो, तेव्हा फुंकणाऱ्याची काय हालत होते ते मला माहीत. चढ आला की ट्रंपेटवाला गप्प आणि सारा भार ताशावर. ही पोरं उड्या मारून वरचा सूर लावतात. आमची तालीम पावसाळ्यात, सुपाऱ्या नसतात तेव्हा. त्यांची बाराही महिने. त्याला कारखाना म्हणा नाहीतर काही म्हणा, मेहनत आहे.

डीजे आल्यापासून आमचे निम्मे लोक सुरतेला कामाला गेले. तिकडे सात पोरं नुसत्या गळ्या-पायावर जग जिंकतात हे बघून मला तरी बरंच वाटलं.

धुळेकर_मास्तर

बँडवाले भाऊ, हा प्रतिसाद मी वर्गात वाचून दाखवणार आहे.

करारांचं काय पण? ऐकलं की गुलामासारखे बांधून घेतात.

सातपुड्याची_सावली

घ्यायचे. टीव्हीएक्सक्यू नावाच्या ग्रुपमधल्या तिघांनी तेरा वर्षांच्या कराराविरुद्ध २००९ ला कोर्टात धाव घेतली. त्यानंतर तिथल्या व्यापार आयोगानं नमुना करार आणला, त्यात सात वर्षांची मर्यादा. म्हणून बरेच ग्रुप सातव्या वर्षी फुटतात. बीटीएसनं २०१८ मध्येच, मुदतीआधी, सातही जणांनी एकत्र नवा करार केला, आणि २०२३ ला पुन्हा. मध्ये सैन्यातली सक्तीची सेवा, साधारण दीड वर्ष. सगळ्यात मोठा जिन डिसेंबर २०२२ ला गेला, जून २०२५ पर्यंत सगळे परतले. एवढ्या खंडानंतरही फॅन टिकले, हे मेनुदोवाल्या गणितात बसत नाही. तिथं माणूस बदलला तरी चालायचं. इथं एक जरी गेला तरी चालणार नाही असंच सगळं उभं केलंय.

पाटोडी_रस्सा

सगळे एक गोष्ट विसरताय. हे सात जण गावाकडचे आहेत! राजधानी सोलमध्ये वाढलेला एकही नाही. शुगा आणि व्ही दैगूचे, जिमिन आणि जंगकूक बुसानचे, जे-होप ग्वांगजूचा. आरएम आणि जिन सोलच्या शेजारच्या शहरांतले. सुरुवातीच्या एका गाण्यात तर हे आपापल्या बोलीतून एकमेकांशी भांडतात, माझ्या भागाची बोली भारी की तुझ्या. जे-होप ग्वांगजूच्या १९८० च्या उठावाची खूण गाण्यात घालतो.

आता आपलं बघा. पुण्याला शिकायला गेलो तेव्हा 'काबरं' म्हटलं की पोरं हसायची. मी वर्षभरात जीभ सरळ करून टाकली. इकडे हे पोट्टे बोलीत रॅप करून स्टेडियम भरवतात.

आणि अहिराणीची गाणी यूट्यूबवर किती चालतात ते बघा. हळदीत, वरातीत तीच. मोबाईलवर शूट केलेली, शेतात नाचलेली. त्यांना टीव्हीनं कधी विचारलं? तिथंही लोकांनीच वर काढलं.

डेटा_भाऊ (पुणे, मूळ पारोळा)

पाटोडी, हा मुद्दा आवडला, पण अहिराणी गाण्यांत पोरगी झुमका घालून उभी आणि पोरगा मागे, याच्या पुढं कधी जाणार? बोलीत शाळेवर, परीक्षेवर, पावसानं गेलेल्या कापसावर गाणारं कोणी आहे का? असेल तर लिंक द्या, मी पहिला ऐकेन.

केळीवाला_शिरपूर

केळीना भाववर गाणं करा. मी पैसा लावस.

जळगावची_आई

आपल्याकडची मुलगी तिकडे पोचू शकते का हो? माझी मुलगी परवा हेच विचारत होती. मी हसण्यावारी नेलं.

जांभळी_नंदुरबार

पोचली आहे, काकू. ओडिशातल्या राउरकेलाची श्रेया लेंका, २०२२ मध्ये ब्लॅकस्वान या कोरियन ग्रुपमध्ये निवडली गेली. राउरकेला काही मुंबई नाही. केरळची आरिया एक्सइन नावाच्या ग्रुपमध्ये. पण मुलीला हेही सांगा की हजारो ट्रेनींमधून थोड्याच स्टेजवर येतात, बाकीच्यांच्या हाती शिक्षणही राहत नाही. मी स्वतः नाद सोडून कोरियन भाषेच्या परीक्षेची तयारी करतेय. टॉपिक म्हणतात तिला. दुभाष्याची कामं मिळतात, पुण्या-चेन्नईकडे कोरियन कंपन्या आहेत. बाबांना अजून पटलेलं नाही.

धुळेकर_मास्तर

जांभळीताई, बाबांचा नंबर द्या, मी बोलतो. मास्तरकीचा तेवढा उपयोग व्हावा.

कारखाना या मतावरून मी पूर्ण हललेलो नाही. पण माल उचलून दारोदार नेणारी माणसं कोण, हे आज कळलं.

बँडवाला_चोपडा

एक कामाचं विचारतो. मागच्या सीझनला जामनेरकडे नवरीच्या बहिणींनी बीटीएसचं गाणं वाजवा म्हणून धरणं धरलं. आम्हाला येत नव्हतं, दोनशे रुपये ओवाळून परत नेले. यंदा बसवून ठेवायचं आहे. वरातीत चालेल असं कोणतं, आणि नोटेशन कुठे मिळेल?

जांभळी_नंदुरबार

दादा, डायनामाइटच घ्या. यूट्यूबवर ट्रंपेटवर वाजवलेलं पण आहे, लिंक पाठवते. मिनिटाला ११४ ठोके, चाल सोपी आहे. मधे एक वरचा सूर येतो तेवढा सांभाळा.

बँडवाला_चोपडा

११४ म्हणजे आमच्या नाचाच्या ठेक्याला धरूनच झालं. वरचा सूर क्लॅरिनेटवर टाकतो. चढावर नको म्हणजे झालं.